जुन्या सावरीपासून दोनशे मीटर

पाण्यात उभं राहायचं नाही. ट्यूब उलटली, हातातून निसटली, काहीही झालं तरी पाठीवर पडायचं, पाय वर, बोटं आभाळाकडे, आणि नदी नेईल तिकडे जायचं. पंधरा वर्षं मी हे सांगतेय आणि पंधरा वर्षं लोक नुसत्या माना डोलावतात, कारण हेल्मेटमध्ये आपण कसे दिसतो याकडेच त्यांचं लक्ष असतं. ओल्गेरकाकांनी मात्र माझं सगळं ऐकून घेतलं होतं. एवढंच नाही, मला परत म्हणून दाखवलं होतं.

"पाठीवर, पाय वर, बोटं आभाळाकडे," ते म्हणाले. "म्हणजे मेल्यावर झोपवतात तसं."

"अहो, काय बोलताय!" हानियाकाकूंनी त्यांच्या दंडावर चापट मारली. "लग्नाच्या वाढदिवसाला तरी तोंड आवरा."

दोघं कार्तागो शहरातून आले होते. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलांनी त्यांना आमच्याकडचा एक दिवस भेट दिला होता. सकाळी जंगलातून धबधब्यापर्यंत चालत जायचं आणि दुपारी रबरी ट्यूबवर बसून सोर्दो नदीतून खाली यायचं. काका छत्तीस वर्षं पोस्टमन होते, काकू शाळेत स्वयंपाक करायच्या. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे रोज दुपारी पाऊस, त्यामुळे पाहुणे हे दोनच. एरवी पुढे कायाकची छोटी होडी घेऊन दुसरा गाईड मिनोर असतो आणि मागे मी. मिनोर डेंग्यूने आडवा झालेला. आमची मालकीण फ्लोरी मला म्हणाली, "सिनिया, दोघंच तर आहेत. एकटी नेशील ना?" मी म्हटलं, नेईन. माझा स्वभावच असा. कुणी 'जमेल ना' म्हणून विचारलं की मला राग येतो, आणि रागाच्या भरात मी हो म्हणते.

सकाळी सातला निघालो. काकांचं तोंड क्षणभर बंद नव्हतं. मला बोलके पाहुणे आवडत नाहीत, जंगलात काही बघायचं असेल तर आधी गप्प बसावं लागतं.

"काका, तुमच्यामुळे आज एक माकडसुद्धा दिसायचं नाही."

"माकडासाठी एवढ्या लांब कोण येतंय, पोरी? घरी आरसा आहे."

काकू काठी टेकत मागून येत होत्या. त्यांचा डावा गुडघा कामातून गेलेला. झुलत्या पुलाशी आल्यावर त्या खाली बसल्याच. मी नाही येत म्हणाल्या, तुम्ही जाऊन या, मी इथे डास मोजत बसते. तेव्हा काकांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि स्वतः उलटे चालत, पाठीमागे काय आहे ते न बघता, त्यांना तो सगळा पूल पार करून दिला. सगळा वेळ ते काकूंना शेजारणीच्या कुत्र्याची कुठलीतरी गोष्ट सांगत होते. पलीकडे पोचल्यावर काकू म्हणाल्या, "मेलं ते कुत्रं," आणि दोघं पोरांसारखे हसत सुटले. खरं सांगायचं तर तिथेच मला ते आवडायला लागले.

पुलानंतर मी वाट सांगितली. "आता जुन्या सावरीच्या झाडापाशी डावीकडे वळायचं, मग थोडा चढ."

"कुठाय सावर?" काकांनी विचारलं.

मी हात केला तिकडे नुसतं गवत होतं आणि एक खड्डा. "ती पडली. नऊ वर्षं झाली, मोठा पूर आला होता तेव्हा."

काका पोट धरधरून हसले. "बघ हानिया, इथेही तेच! छत्तीस वर्षं मी हेच केलं. 'जळालेल्या बेकरीपासून शंभर मीटर दक्षिणेला, हिरवं फाटक.' बेकरी माझ्या जन्माआधी जळाली, आणि फाटक निळं!"

"पण पत्र पोचायचं ना?" मला जरा झोंबलंच. आमच्याकडे घरांना नंबर नाहीत, रस्त्यांना पाट्या नाहीत, म्हणून कुणाचं काही अडलेलं नाही.

"पोचायचं की. मी तिथलाच होतो ना."

धबधब्याखाली काका पँटसकट पाण्यात शिरले. काकू दगडावर बसून त्यांना ओरडत राहिल्या. मग केळीच्या पानात वाफवलेले मक्याचे तामाले खाल्ले, थर्मासमधलं गरम गुळाचं पाणी प्यायलो, आणि बाराच्या सुमाराला खाली येऊन नदीत ट्यूब सोडल्या. फोन आम्ही जीपमध्येच ठेवतो, दरीत त्यांना रेंज नसते. आमचा ड्रायव्हर याडेर जीप घेऊन फ्लोरीकडे परत गेला. माझ्या तरंगायच्या जाकिटाच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत एक वॉकीटॉकी होता. डोंगरावर काळं झालं होतं. ते रोजच होतं.

पहिल्या दोन वेगाच्या धारा मजेत गेल्या. काकू किंचाळत होत्या आणि किंचाळून झाल्यावर 'अजून आहे का?' म्हणून विचारत होत्या. तिसऱ्या धारेनंतर नदी उजवीकडे वळते. तिथे काठावरच्या फांद्या पाण्यावर झुकल्यात, त्यांत काकूंची ट्यूब अडकली. यात काही भ्यायचं कारण नव्हतं. मी त्यांच्या मागे वीस-पंचवीस हातांवर होते, येऊन सोडवली असती. पण पाणी ट्यूबवर चढायला लागलं तशा त्या ओरडल्या, "ओल्गेर!"

काका पुढे गेले होते. ते ट्यूबवरून उतरले आणि पाण्यात उभे राहिले. पाणी जेमतेम मांडीपर्यंत होतं.

"खाली बसा!" मी ओरडले. "काका, पाय वर!"

त्यांनी ऐकलं नाही. म्हणजे ऐकू आलं असेल, पण बायको हाका मारत होती. ते तिच्याकडे तोंड करून धारेविरुद्ध दोन पावलं चालले, तिसऱ्याला घसरले, फिरले आणि तोंडावर पडले. पडले ते उठलेच नाहीत. जाकिटामुळे पाठ तेवढी वर दिसत होती आणि मानेवरून पाणी वाहत होतं.

मी पोचेपर्यंत दहा सेकंद गेले असतील. हेल्मेटला धरून त्यांचं डोकं वर काढलं. ते खोकले, पाणी ओकले आणि म्हणाले, "पाय. पाय निघत नाही."

नदीच्या तळाशी दोन मोठे दगड होते आणि त्यांच्यावर कुठूनतरी वाहून आलेला ओंडका. पाय घोट्यापर्यंत त्या तिघांच्या मधे गेला होता, आणि मागून येणारं पाणी माणसाला पुढे ढकलत होतं, म्हणजे पाय आणखी घट्ट. याच एका गोष्टीसाठी मी रोज चार वेळा घसा कोरडा करते.

काकू फांद्या धरत धरत काठाला लागल्या होत्या. मी त्यांच्याकडे माझ्या कमरेच्या दोराचं टोक फेकलं. "झाडाला बांधा! गाठ कशीही मारा, पण तीनदा मारा!" त्यांनी बांधलं. दुसरं टोक मी काकांच्या काखेखालून घेऊन आवळलं. आता ते निदान बुडत नव्हते. मग वॉकीटॉकी काढला.

"फ्लोरी, पाहुण्यांचा पाय अडकलाय दगडात. याडेरला मोठा दोर घेऊन पाठव. आणि गाडी बोलव दवाखान्याची."

"अगं देवा. कुठे आहेस?"

"जुन्या सावरीपासून दोनशे मीटर खाली. उजव्या काठाला."

"कळलं. दवाखान्याची गाडी यायला दीड तास लागेल. याडेर वीस मिनिटांत येतो. धीर धर."

मी वॉकीटॉकी पिशवीत टाकला आणि बुडी मारली. बुटाची नाडी सुरीने कापली. बूट सैल झाला, पण पाय आला नाही. ओंडका हलवून बघितला, तो माझ्या दुप्पट जाड. वरच्या बाजूने ओढायला माणूस हवा होता. दोर बाजूने होता, त्यामुळे मी ओढायला जायची तेवढ्यात काका पुढे कलंडायचे, मग परत त्यांना सावरायला यायचं. चौथ्या बुडीनंतर वर आले तेव्हा खिशात पाणी डुचमळत होतं. घाईत पिशवीचं तोंड मी नीट लावलं नव्हतं. वॉकीटॉकी दाबून बघितला, हलवून बघितला. तो मेला होता.

"असू दे," मी काठाकडे ओरडून सांगितलं. "याडेर निघालाय. वीस मिनिटं फक्त."

काकांच्या पुढ्यात, खालच्या अंगाला एक खडक होता. त्याला पाठ लावून मी पाण्यात बसले, पाय दगडांत रोवले आणि काकांची छाती माझ्या खांद्यावर घेतली. त्यांची हनुवटी माझ्या मानेशी. इतक्या जवळ मी माझ्या बापालाही कधी घेतलं नव्हतं. त्यांच्या अंगाला गुळाच्या पाण्याचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता.

"जड आहे का मी?"

"आहात."

"हानियाच्या हातचं जेवण."

"ऐकतेय मी!" काठावरून काकू.

मग पाण्याचा रंग बदलला. आधी पिवळट, मग चहासारखा. वरून पानं यायला लागली, मग काटक्या. आमच्या डोक्यावर अजून एक थेंब पडला नव्हता, पण डोंगरावर तो कोसळत होता आणि ते सगळं आता आमच्याकडे यायचं होतं. काकांच्या काखेशी असलेलं पाणी हळूहळू खांद्याला लागलं.

"किती वेळ झाला?" काकांनी विचारलं.

"पंधरा मिनिटं."

"खोटं बोलू नकोस. पोस्टमनला वेळ कळतो. पाऊण तास झाला."

वीस मिनिटांचा रस्ता. याडेर म्हणजे सांगितलं ते काम चोख करणारा माणूस, वाटेत कुठे थांबायचा नाही. जीप बिघडली असेल, पुलावर झाड पडलं असेल, असं काहीबाही मी मनाशी म्हणत होते.

"पोरी," काका म्हणाले, "मघाशी तू तिला पत्ता काय सांगितलास?"

"जुन्या सावरीपासून दोनशे मीटर."

त्यांनी एकदा काठाकडे पाहिलं. नंतर आवाज एकदम खाली आणून, काठावर ऐकू जाणार नाही असा, त्यांनी विचारलं, "येणारा माणूस कुठला आहे?"

"निकाराग्वाचा."

"इथे येऊन किती दिवस झाले?"

"तीन महिने."

"आणि ती सावर पडून नऊ वर्षं."

फ्लोरीला कळलं होतं. गावातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. आणि फ्लोरीने माझे शब्द होते तसे याडेरला दिले असणार, कारण तिच्याही डोक्यात ती सावर अजून तिथेच उभी आहे, माझ्या डोक्यात आहे तशीच. तीन महिने मी त्या माणसाबरोबर रोज जेवतेय. इथे आधी काय होतं, हे त्याला एकदाही सांगावंसं मला वाटलं नाही.

"दुसरी सावर आहे कुठे?" काकांनी विचारलं.

"आहे. खालच्या पुलाशी."

"नदीकाठी?"

"हो."

"मग तो तिथे आहे बिचारा. सावरीपासून दोनशे मीटर मोजतोय. कुणी दिसत नाही म्हणून परत मोजतोय. आणि तुझी बाई त्याला सांगतेय, तिथेच असतील, नीट बघ." ते खोकले. "नवीन पोस्टमनचं पहिलं वर्ष असंच जातं. रडायची पोरं."

मला ओरडावंसं वाटत होतं. ओरडलेसुद्धा असेन. खालचा पूल रस्त्याने दोन किलोमीटर. मी पळत गेले असते तर रस्त्यापर्यंत चढ दहा मिनिटं, पुढे पंधरा. पण मग काकांना धरणार कोण?

"काकू," मी हाक मारली. "इकडे या. दोर धरून या, सावकाश."

त्या आल्या. छातीभर पाण्यात माझ्या जागी बसल्या, नवऱ्याला कवेत घेतलं. मी हळूच बाजूला झाले. जेमतेम अर्धं मिनिट गेलं असेल. त्यांचा गुडघा सरकला, काका पुढे गेले, डोकं पाण्याखाली, आणि त्यांच्यावर काकू. दोघांना ओढून वर काढताना माझ्या खांद्यात काहीतरी कटकन वाजलं.

"मी जाते," काकू म्हणाल्या. तोंडातून पाणी गळत होतं. "मला वाट सांग. मी जाते."

"या काठाने वर पायवाट आहे. ती संपली की रस्ता लागेल. डावीकडे वळा आणि उताराने चालत राहा. लाल जीप दिसेल. तिथे एक माणूस असेल. त्याला झाडबीड काही सांगत बसू नका. हाताला धरा आणि घेऊन या."

त्यांनी मान हलवली. कशासाठी, का, काही विचारलं नाही. काकांच्या तोंडावरून एकदा हात फिरवला.

"जा गं," काका म्हणाले. "आणि पळू नकोस. गुडघा आहे."

"तुम्ही बोलत राहा. गप्प बसलात तर याद राखा."

काठी त्या दुपारीच जीपमध्ये ठेवून आल्या होत्या. पायवाटेला ओल होती. त्यांना वर चढताना मी पाहिलं, हातांनी मुळं धरत, अर्ध्या सरपटत. मग झाडीत दिसेनाशा झाल्या.

काका बोलत राहिले. कार्तागोची थंडी, छपरावरचा पत्रा, दोन मुली आणि एक मुलगा, त्यांतली धाकटी कशी फक्त कामापुरता फोन करते. मी हूं हूं करत होते. पाणी मानेला लागलं होतं. मी माझं बूड दगडावर आणखी वर सरकवली, त्यांची हनुवटी वर उचलून धरली. हात बधिर झाले होते. दोर ताणून ताणून काकांच्या काखेत रुतला होता, पण ते त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

"रागावलीस का?" त्यांनी मध्येच विचारलं. "तू सांगितलं होतंस. उभं राहायचं नाही."

"तुमच्यावर कशाला रागावू? माझ्यावर रागावलेय मी. पत्ता मी दिला."

"मीसुद्धा तोच दिला असता."

आणि मग त्यांनी जे म्हटलं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. ते म्हणाले, "मला भीती वाटतेय, पोरी. फार भीती वाटतेय. तिच्यासमोर म्हणता येत नव्हतं."

मला काहीतरी धीर द्यायला हवा होता. पंधरा वर्षं मी लोकांना धीरच देतेय, तो माझा धंदा आहे. "मलाही," एवढंच म्हटलं, आणि त्यांना घट्ट धरलं.

पाणी ओठांशी आलं तेव्हा ते बोलायचे थांबले. मान मागे टाकून नाकाने श्वास घ्यायला लागले. एक लाट आली की तीही सोय जायची. मी म्हटलं, "काका, पाणी वरून गेलं की मी हवा देणार. माझ्या तोंडातून. तोंड उघडायचं, घाबरायचं नाही. हात दाबा कळलं असेल तर." त्यांनी हात दाबला.

पाणी वरून गेलं. मी छाती भरून घेतली, खाली वाकले आणि त्यांच्या तोंडात हवा सोडली. वर आले, परत भरली, परत खाली. कधी जमत होतं, कधी सगळी हवा बुडबुड्यांतून निघून जायची. वर आले की मी रडत होते, नदीला शिव्या देत होते, पडून गेलेल्या त्या झाडाला शिव्या देत होते, आणि शिव्यांत श्वास वाया जातोय म्हणून स्वतःला शिव्या देत होते. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. दर वेळी तो दाबायचा. मी मोजत नव्हते. एकदा दाबला, एकदा अर्धवट दाबला, मग नुसता मनगटावर राहिला. मी तरीही हवा देत राहिले.

जीपचा भोंगा ऐकू आला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. याडेर त्या घसरड्या वाटेने धावत नाही, पडतच आला. खांद्यावर दोराचं वेटोळं. काय करायचं ते त्याला सांगावं लागलं नाही. आमच्या वरच्या बाजूने तो पाण्यात उतरला, एका हाताने ओंडक्याला धरलं, खाली वाकून काकांचा पाय पोटरीशी पकडला आणि मागे ओढला. पाय आला. इतक्या सहज आला की तो स्वतःच मागे पडला. फार ताकदीचं काम नव्हतंच ते, वरच्या बाजूने एक माणूस हवा होता एवढंच.

आम्ही त्यांना काठावर घेतलं. मी छातीवर दोन्ही तळवे ठेवून दाबायला लागले. तीसदा दाबायचं, दोनदा हवा. तीसदा, दोनदा. याडेर शेजारी गुडघ्यांवर बसून, कुणी विचारलं नव्हतं तरी, पुन्हा पुन्हा सांगत होता.

"मी सावरीखालीच होतो, सिनिया. देवाशपथ. दोनशे मीटर खाली गेलो, मग चारशे गेलो. हाका मारल्या. फ्लोरीताईला वॉकीटॉकीवर चारदा विचारलं. ती म्हणाली, तिथेच असतील. मी तिथेच होतो गं."

"गप्प बस," मी म्हटलं. "तुझं काही चुकलं नाही. गप्प बस."

तीसदा, दोनदा. काकांच्या तोंडातून पाणी यायचं थांबलं होतं. ओठ निळे पडले होते, डोळे अर्धे उघडे. मला कळलं होतं. पंधरा वर्षांत हे शिकवतात आम्हाला, कळायला हवं तेव्हा कळतं. पण काकू अजून वाटेवर होत्या. मी थांबले की त्यांना थांबलेली मी दिसणार होते. म्हणून मी दाबत राहिले.

त्या आल्या त्या बसून, घसरत. पँट फाटलेली, कोपरं सोललेली, अंगभर चिखल. माझ्यासमोर, काकांच्या पलीकडे त्या टेकल्या. मी वर पाहिलं नाही. मग त्यांनी माझ्या हातांवर आपला हात ठेवला.

"पुरे, पोरी."

"नाही."

"पुरे. थंड पडलेत ते."

मी थांबले. याडेरने टोपी काढली आणि तो थोडा लांब जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"काकू," मी म्हटलं, "पत्ता मी चुकीचा दिला. ती सावर नाहीये तिथे. आम्ही सगळे असंच बोलतो. मी विचारच केला नाही, तो नवीन आहे, त्याला काय माहीत… माझ्यामुळे झालं हे."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "तो जीपमध्ये सांगत होता. मला तेव्हाच कळलं."

जीपमध्ये. म्हणजे हे कळल्यावर त्या त्या वाटेने खाली आल्या होत्या, आणि आल्यावर पहिला हात माझ्या हातावर ठेवला होता. मला ते सहन होईना. एक थोबाडीत मारली असती तर मी त्यांचे पाय धरले असते.

"मग बोला ना मला काहीतरी. शिव्या द्या. मारा."

"देईन," काकू म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, काकांच्या कपाळावरचे केस मागे सारत होत्या. "सगळं बोलेन तुला. कधी सोडणार नाही, हे लक्षात ठेव. पण आज माझ्यात ताकद नाही. आधी त्यांचे पाय पाण्यातून वर घे."

मी पाहिलं. पाय खरंच अजून पाण्यात होते. मी खाली सरकले आणि उचलून ते वाळूवर घेतले, आधी बूट असलेला, मग दुसरा. दुसऱ्यावर नुसता मोजा होता आणि घोटा भलत्याच दिशेला वळलेला. काकू सरकत आल्या, त्यांनी तो पाय मांडीवर घेतला, मोजा काढला, आणि आपल्या सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागल्या. पाऊस धो धो पडत होता. पाय काही कोरडा होत नव्हता, आणि त्या पुसत होत्या.